फॉस्फोटायरोसिनची नक्कल: एसएच२ अडवायला काय टिकतं, काय फसतं?

रेझिनकर

स्टॅट३ या प्रथिनाच्या एसएच२ डोमेनला (फॉस्फेट लागलेलं टायरोसिन पकडणारा भाग) अडवणारा छोटा पेप्टाइड करायचा आहे. सुरुवात जीपी१३० या रिसेप्टरच्या शेपटीतल्या नेहमीच्या क्रमापासून, म्हणजे फॉस्फोटायरोसिन-ल्यूसिन-प्रोलीन-ग्लुटामीन-थ्रिओनीन-व्हॅलीन. शुद्ध प्रथिनावर हा घट्ट बसतो, त्यात प्रश्न नाही. पण पेशींच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या रसात) टाकला की काही मिनिटांत मास स्पेक्ट्रममध्ये ८० डाल्टनने हलका दिसतो, म्हणजे फॉस्फेट गेलं. अख्ख्या पेशींवर तर परिणाम शून्य.

तेव्हा फॉस्फेटच्या जागी न तुटणारं काहीतरी बसवायचं आहे. विचारायचं ते असं:

साधा फॉस्फोनेट (ऑक्सिजनच्या जागी सीएच२), डायफ्लोरो फॉस्फोनेट (सीएफ२) आणि मॅलोनेट यांतलं काय घ्यावं? एफमॉक पद्धतीत (रेझिनवर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड करताना) डायफ्लोरोचा अमिनो आम्ल जोडताना काय सांभाळावं? दोन ऋणभार असलेली ही वस्तू पेशीत शिरणार कशी? आणि शिरलीच, तर परिणाम एसएच२मुळेच झाला हे कसं दाखवायचं?

सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच प्रतिसादात नकोत, ज्याला जे येतं ते लिहा.

वाय-सातशेपाच

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

स्टॅट३चा फॉस्फेटचा कप्पा डोळ्यासमोर आणा. तळाशी आर्जिनीन ६०९, बाजूला लायसीन ५९१, वरच्या कडेला सेरीन ६११ आणि ६१३. दोन धनभार आणि हायड्रोजन बंध देणारी मंडळी. एसएच२ डोमेनमध्ये फॉस्फोटायरोसिन ओळखण्याची जी एकूण बंधऊर्जा असते, तिचा मोठा वाटा, बऱ्याच डोमेनमध्ये निम्म्याच्या आसपास, या एकाच कप्प्यातून येतो. म्हणून इथे नक्कल थोडी जरी चुकली तरी बाकीचे पाच अमिनो आम्ल मिळूनही ती तूट भरत नाहीत.

साध्या फॉस्फोनेटची अडचण दुहेरी आहे. एक, त्याचा दुसरा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू दुसरा प्रोटॉन सोडतात तो आकडा) ७च्या वर जातो, फॉस्फोटायरोसिनचा ६च्या आसपास असतो. पीकेए ७.२ धरला तर पीएच ७.४ला साधारण ६० टक्के रेणूंवरच पूर्ण दोन ऋणभार असतात. दोन, एस्टरमधल्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंध घेता येतो, सीएच२ला येत नाही. सीएफ२ लावलं की दुसरा पीकेए ५च्या जवळ उतरतो, सगळे रेणू दोन ऋणभारांचे होतात आणि फ्लोरीन काही प्रमाणात त्या ऑक्सिजनची जागा भरून काढतो. बर्क यांच्या गटाने १९९४ मध्ये एसएच२ डोमेनवर तपासलं तेव्हा डायफ्लोरोवाले पेप्टाइड मूळ फॉस्फोटायरोसिनच्या तोडीचे निघाले. तेव्हा पहिला रेणू डायफ्लोरोचाच करा. मॅलोनेट नंतर.

मॅलोनेटचा फायदा एवढाच की फॉस्फरस नाही, कार्बोक्सिल आहेत आणि कार्बोक्सिल झाकायला साधे एस्टर पुरतात. तोटा म्हणजे आकार. फॉस्फेट चौफलकी असतं, मॅलोनेटचे दोन सपाट पंख त्या कप्प्यात तिरके बसतात. शेजारच्या जागांवरून भरपूर आकर्षण मिळत असेल तरच ते परवडतं. ग्रब२ या एसएच२ असलेल्या दुसऱ्या प्रथिनाचं उदाहरण यासाठी चांगलं. तिथे पेप्टाइडला वळण घ्यावं लागतं, फॉस्फोटायरोसिननंतर दुसऱ्या जागेवर अस्पॅराजीन अनिवार्य असतं. वळण पक्कं करायला पहिल्या जागी अमिनोसायक्लोहेक्झेन कार्बोक्सिलिक आम्ल घातलं की घट्टपणा इतका वाढतो की मग फॉस्फेटच्या जागी थोडी कमजोर नक्कल चालून जाते. स्टॅट३मध्ये असं फुकटचं वळण मिळत नाही. तिथे तिसऱ्या जागेवरचा ग्लुटामीन सोडून बाकी बदलता येतं, ग्लुटामीनला हात लावू नका.

एक सुधारणा मात्र स्वस्तात होते. अॅसिटिल-फॉस्फोटायरोसिनच्या जागी ४-फॉस्फोरिलऑक्सी-सिनॅमिक आम्ल. डोक्याकडचा एक अमाइड आणि एक कायरल केंद्र दोन्ही जातात, कणा ताठ होतो. ह्यूस्टनच्या मॅकमरे गटाने स्टॅट३साठी हाच सांगाडा घेतला आणि त्यावर पुढे सीएफ२ फॉस्फोनेट बसवलं.

खिसेकापू

वरच्या प्रतिसादातलं पीकेएचं स्पष्टीकरण वर्गात शिकवायला सोपं आहे, पण पुरेसं नाही.

पीटीपी१बी या फॉस्फटेजवरचे, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमवरचे, आकडे बघा. ईजीएफ रिसेप्टरमधून घेतलेला तोच हेक्सापेप्टाइड, फक्त नक्कल वेगळी. साध्या फॉस्फोनेटचा आयसी५० (निम्मं काम अडवणारी मात्रा) २०० मायक्रोमोलर, डायफ्लोरोचा १०० नॅनोमोलर. दोन हजार पट! पीकेएने फार तर दुपटीचा हिशेब लागतो, कारण साध्या फॉस्फोनेटमध्येही निम्म्याहून जास्त रेणू दोन भारांचे असतातच. १९९५ मध्ये पीएच बदलत मोजमाप झालं तेव्हा या एन्झाइमला एकभारी आणि द्विभारी रूपं जवळजवळ सारखीच घट्ट बसतात असं दिसलं. म्हणजे खरी करामत फ्लोरीनच्या कप्प्याशी थेट येणाऱ्या संबंधाची, फेनिलअलानीन १८२च्या बाजूची.

हे फक्त वादासाठी नाही. याच आकड्यांत रेझिनकर यांच्यासाठी एक सापळा आहे. डायफ्लोरो नक्कल एसएच२ला जेवढी आवडते त्याहून फॉस्फटेजना जास्त आवडते. फॉस्फटेज तिला तोडू शकत नाही. सिस्टीन २१५ने फॉस्फरसवर हल्ला केला तरी अॅस्पार्टेट १८१ ज्या ऑक्सिजनला प्रोटॉन देऊन मोकळं करतं तो ऑक्सिजनच तिथे नाही, कार्बन आहे. मग ती तिथेच अडकून बसते. आता स्टॅट३चं टायरोसिन ७०५ वरचं फॉस्फेट काढणाऱ्यांत पीटीपीएन२ आहे आणि तो पीटीपी१बीचा सख्खा भाऊ. तुमचा रेणू एका हाताने स्टॅट३ची रिसेप्टरवरची जागा अडवतो आणि दुसऱ्या हाताने फॉस्फेट काढणाऱ्यालाच बांधून ठेवतो. ब्लॉटवर (अँटीबॉडीने प्रथिन ओळखायच्या चाचणीत) दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि आपण म्हणतो, रेणू पेशीत शिरलाच नाही.

म्हणून पेशींकडे जाण्याआधी पीटीपी१बी आणि पीटीपीएन२ दोन्हींवर तपासा. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट घेऊन ४०५ नॅनोमीटरला वाचायचं, सोडियम हायड्रॉक्साइडने थांबवायचं. एका दिवसाचं काम आहे. एसएच२वरची पकड आणि फॉस्फटेजवरची पकड यांत किमान शंभरपट फरक नसेल तर आधी पेप्टाइडचा बाकीचा भाग सुधारा, कारण निवडकपणा तिथूनच येणार, डोक्यावरच्या नकलेतून नाही.

जाता जाता, मॅलोनेटबद्दल. त्याच हेक्सापेप्टाइडवर ओ-मॅलोनिल टायरोसिनचा आयसी५० १० मायक्रोमोलर आणि मॅलोनेटच्या मधल्या कार्बनवर एक फ्लोरीन लावल्यावर १ मायक्रोमोलर. इथेही फ्लोरीनच.

पहिलं वर्ष

अगदी प्राथमिक प्रश्न, हसू नका. डीएनएतच बदल करून टायरोसिनच्या जागी ग्लुटामेट घालतात ना, "फॉस्फोमिमिक" म्हणून? मग पेप्टाइडमध्येही सरळ ग्लुटामेट का नाही घालत? ते तर सगळ्यात स्वस्त.

खिसेकापू

हसण्यासारखं काही नाही, पेपरांतसुद्धा ही चूक सापडते.

सेरीन आणि थ्रिओनीनच्या बाबतीत अॅस्पार्टेट-ग्लुटामेटने कधी कधी काम भागतं, विशेषतः जिथे फॉस्फेटचं काम फक्त ऋणभार देऊन एखादा लूप हलवण्याचं असतं. मेक१मध्ये सेरीन २१८ आणि २२२ दोन्ही बदलले की किनेज चालू राहतो. पण जिथे दुसरं प्रथिन फॉस्फेटला पकडतं तिथे हे बहुधा फसतं. १४-३-३ प्रथिनं हे नेहमीचं उदाहरण, ग्लुटामेटला ती ओळख देत नाहीत. कार्बोक्सिलेटवर भार एक, फॉस्फेटवर जवळजवळ दोन. भूमितीही वेगळी.

टायरोसिनच्या बाबतीत तर बेंझीनचं वलयच गायब होतं. एसएच२चा कप्पा खोल आहे, वलय कप्प्याच्या भिंतींमध्ये बसतं आणि फॉस्फेट तळाला पोहोचतं. ग्लुटामेटची बाजूची साखळी तिथपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा टायरोसिनच्या जागी ग्लुटामेट घातलेल्या प्रथिनात काही घडलं नाही, तर त्यावरून "फॉस्फोरिलेशन महत्त्वाचं नाही" असा निष्कर्ष काढू नये. आणि घडलं, तर फेनिलअलानीनवाला कंट्रोलही बघावा.

कपलिंग काका

दुसरा प्रश्न माझा.

आधी ठरवा, विकत घ्यायचा की घरी करायचा. एफमॉक-डायफ्लोरोफॉस्फोनोमिथिल फेनिलअलानीन विकत मिळतो, दोन रूपांत. एकात फॉस्फोनिक आम्ल मोकळं, दुसऱ्यात दोन एथिल एस्टर. दोन्ही महाग, तेव्हा वाया गेलेला प्रत्येक मिलिग्रॅम खिशाला चाट.

घरी करायचा असेल तर ४-आयोडो-एल-फेनिलअलानीनपासून. अमिनवर बॉकचं तात्पुरतं झाकण, आम्लावर बेंझिल किंवा मिथिल एस्टर. जस्ताची पूड १,२-डायब्रोमोइथेन आणि ट्रायमिथिलसिलिल क्लोराइडने जागी करायची, डायमिथिलअॅसिटामाइडमध्ये डायएथिल ब्रोमोडायफ्लोरोमिथिलफॉस्फोनेट थेंबाथेंबाने. इथे उष्णता बाहेर पडते, एकदम ओतलं की हाताबाहेर जातं. मग क्युप्रस ब्रोमाइड, अर्धा तास, आणि मग आयोडाइड. जस्त-फॉस्फोनेट आयोडाइडच्या किमान दुप्पट हवं. जुन्या पद्धतींत कॅडमियम वापरायचे, विषारी असल्यामुळे तिकडे जाऊ नका.

फसतं ते ओलाव्यामुळे. पाण्याचा अंश असला की तांब्याचा अभिकर्मक मरतो आणि डायएथिल डायफ्लोरोमिथिलफॉस्फोनेट बनतं. फ्लोरीन एनएमआरमध्ये ते लगेच ओळखू येतं: उणे १३७ पीपीएमजवळ डबलेट ऑफ डबलेट, ९१ आणि ४९ हर्ट्झ. हवा असलेला पदार्थ उणे १०८च्या आसपास, साधारण ११५ हर्ट्झचा एक डबलेट. मिश्रणातून थेंबभर काढून फ्लोरीन एनएमआर घ्या, टीएलसीवर डोळे फोडत बसू नका.

मिथिल एस्टर काढताना लिथियम हायड्रॉक्साइड थंड ठेवून आणि मोजून घाला. सीएफ२मुळे फॉस्फरस इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो, जास्त हायड्रॉक्साइड मिळाला की एक एथिलही निघून जातो. मास २८ने कमी दिसलं की समजायचं.

आता रेझिनवर. मोकळ्या आम्लाचं रूप घेतलं असेल तर:

रेझिनचं लोडिंग कमी ठेवा, ग्रॅममागे ०.२ ते ०.३ मिलिमोल. लोडिंग जास्त असलं की शेजारशेजारच्या दोन साखळ्यांतले फॉस्फोनेट एकमेकांना जोडून पायरोफॉस्फोनेट होतो, वस्तुमान दोन साखळ्यांच्या बेरजेतून १८ वजा.

अमिनो आम्ल १.३ ते १.५ इक्विव्हॅलंट पुरे. हाटू (कार्बोक्सिल सक्रिय करणारा अभिकर्मक) त्याच्यापेक्षा किंचित कमी, कधीही जास्त नाही, कारण उरलेला हाटू फॉस्फोनेटला सक्रिय करतो. डायपिया हा बेस मात्र सढळ, ५ ते ६ इक्विव्हॅलंट. फॉस्फोनेटवरचे दोन आम्लधर्मी प्रोटॉन आधी बेस खातात, मग कार्बोक्सिलच्या वाट्याला काहीच उरत नाही आणि "कपलिंग होत नाही" अशी तक्रार येते. ९० टक्के वेळा कारण एवढंच असतं. दोन ते चार तास, खोलीच्या तापमानाला. मग निनहायड्रिनने मोकळं अमिन उरलं का ते बघा, मग अॅसेटिक अनहायड्राइडने कॅपिंग. तुमच्या क्रमात हा अमिनो आम्ल शेवटचा आहे, हे नशीब. मध्ये असता तर पुढच्या प्रत्येक कपलिंगला हीच काळजी घ्यावी लागली असती.

एथिल एस्टरचं रूप घेतलं तर कपलिंग सुखाचं, पण शेवटी एथिल काढणं डोकेदुखी. टीएफएने (ट्रायफ्लोरोअॅसेटिक आम्लाने) ते निघत नाहीत. ट्रायमिथिलसिलिल ब्रोमाइड किंवा आयोडाइड लागतो. आयोडाइड वापरत असाल तर सोबत बीएसटीएफए घाला, तो सुटणारं आम्ल शोषून घेतो, नाहीतर आम्लाला घाबरणारे बाकीचे गट आधी जातात. अर्धवट निघालं की मासमध्ये २८ किंवा ५६ने जड शिखरं.

कंट्रोलसाठी खरा फॉस्फोटायरोसिनही घालणार असाल तर मोनोबेंझिल रूप घ्या. डायबेंझिल घेतलं तर पिपरिडीन एक बेंझिल काढूनच टाकतो. आणि कुणी फॉस्फोसेरीन करत असेल तर कपलिंग आणि एफमॉक काढणं दोन्हीला मायक्रोवेव्हची गरमी नको. फॉस्फेट निसटून डीहायड्रोअलानीन होतं आणि त्यावर पिपरिडीन जाऊन बसतो. शेवटचं वस्तुमान अपेक्षेपेक्षा १३ने कमी आलं तर हेच झालंय.

ओळख पटवायला: डायफ्लोरो नक्कल फॉस्फोटायरोसिनपेक्षा नेमकी ३४ डाल्टनने जड असते.

वाय-सातशेपाच

@खिसेकापू, पीटीपी१बीचा मुद्दा मान्य. एसएच२मध्ये पीकेएचा वाटा जास्त आहे असं मला अजूनही वाटतं, पण फॉस्फटेजची भीती खरी आहे.

तिसरा प्रश्न, पेशीत शिरणं. दोन ऋणभार घेऊन पटलातून आरपार जाणं अवघडच. पॉलिआर्जिनीनची शेपटी लावण्याचा मोह होतो, पण नऊ धनभार आणि दोन ऋणभार एकाच साखळीत असले की ते आपसातच बिलगतात, शिवाय बराचसा माल एंडोसोममध्येच अडकतो. मी तरी प्रोड्रगकडे जाईन, म्हणजे भार झाकून रेणू आत न्यायचा आणि झाकण पेशीत निघू द्यायचं.

सगळ्यात रुळलेला म्हणजे बिस-पॉम, दोन पिव्हॅलॉयलऑक्सिमिथिल. अॅडेफोव्हिर डिपिव्हॉक्सिलमध्ये हेच आहे. पेशीतले एस्टरेज पिव्हॅलेट तोडतात, फॉर्माल्डिहाइड निसटतं, फॉस्फोनेट उघडा होतो. टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिलमध्ये पिव्हॅलेटऐवजी कार्बोनेट आहे, पिव्हॅलिक आम्ल सुटत नाही. तिसरा मार्ग फॉस्फोनअमिडेटचा, फिनॉल आणि अलानीनचा एस्टर लावून. तो रक्तद्रवात जास्त टिकतो, पण उघडायला पेशीत योग्य एन्झाइम लागतात, पहिल्या पायरीला कॅथेप्सिन ए आणि दुसरीला हिंट१. ज्या पेशींत ते कमी, तिथे रेणू आत जाऊन बंदच राहतो.

पॉम वापरताना लक्ष कुठे द्यायचं ते सांगतो. प्रत्येक पॉममुळे वस्तुमान ११४ने वाढतं. पेशी घालण्याआधी नुसत्या माध्यमात, सीरमसकट आणि सीरमशिवाय, ३७ अंशाला ठेवून ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना एलसी-एमएस करा. सीरममध्ये बिस-पॉम भराभर मोनो-पॉम होताना दिसेल. मोनो-पॉमवर एक ऋणभार, तो पेशीबाहेरच राहतो. ५६ अंशाला तापवलेल्या सीरमवर विसंबू नका, सगळे एस्टरेज त्याने मरत नाहीत. पहिले दोन तास सीरमविना द्या, मग हवं तर सीरम घाला.

आणि मात्रेचा हिशेब मांडा. ५ मायक्रोमोलर बिस-पॉममधून १० मायक्रोमोलर फॉर्माल्डिहाइड सुटतं, पेशी ते सहज पचवतात. ५० मायक्रोमोलर दिलात तर १०० मायक्रोमोलर फॉर्माल्डिहाइड आणि तेवढंच पिव्हॅलेट. त्या मात्रेला पेशी मेल्या तर श्रेय कुणाचं? नाकापेक्षा मोती जड व्हायला लागतो. म्हणून एक निकामी जुळा रेणू हवाच: तेच बिस-पॉम, तोच सीएफ२, पण ग्लुटामीन बदलून एसएच२ला न बसणारा. पिव्हॅलेट आणि फॉर्माल्डिहाइड दोघांतून सारखंच सुटतं, फरक उरतो तो फक्त पकडीचा.

शिवाय बिस-पॉम स्वतः शुद्ध प्रथिनावर बसताच कामा नये. बसला तर एकतर नमुन्यात उघडा फॉस्फोनेट मिसळलेला आहे किंवा रेणू गोळा होऊन खोटं चित्र देतोय.

ध्रुवीकरण

बाकीच्यांनी रसायन उरकलं, मोजमापाचं मी लिहिते.

फ्लुओरोसन्स पोलरायझेशनचा (चमकणारा प्रोब प्रथिनाला बांधला आहे की सुटा, हे मोजण्याचा) नेहमीचा घाट: फ्लुओरेसीन लावलेला फॉस्फोपेप्टाइड १० नॅनोमोलर, स्टॅट३चा १२७ ते ७२२ हा तुकडा, हेपिस बफर पीएच ७.५, थोडं मीठ, ०.०१ टक्के एनपी-४०, २ मिलिमोलर डीटीटी. नुसतं एसएच२ डोमेन वेगळं काढलं तर ते अस्थिर असतं, त्यामुळे लांब तुकडाच बरा. आधी प्रथिन वाढवत नेऊन वक्र काढा आणि ७० ते ८० टक्के प्रोब बांधला जाईल एवढंच प्रथिन स्पर्धेच्या प्लेटमध्ये घाला. ३० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी वाचा, दोन्ही सारखे यायला हवेत.

फॉस्फेट बफर वापरू नका. मिलिमोलरमधलं फॉस्फेटही त्याच कप्प्यासाठी रांगेत उभं राहतं.

दुसरी गोम म्हणजे तळ. प्रथिन २०० नॅनोमोलर असेल तर आयसी५० १०० नॅनोमोलरच्या खाली जाऊच शकत नाही, रेणू कितीही घट्ट असो. तीन वेगवेगळे रेणू एकाच आकड्यावर येऊन थांबले की तो तळ लागलाय असं समजा. आयसी५०ची तुलना करण्याऐवजी केआय (रेणूच्या पकडीचा स्थिरांक) काढा, आणि सूत्र असं घ्या की ज्यात प्रथिन आणि प्रोब दोघांची मात्रा धरलेली आहे.

तिसरी, आणि ही फार लोकांना गंडवते: टीएफए मीठ. प्रेप एचपीएलसीमधून शुद्ध होऊन आलेला फॉस्फोनेट पेप्टाइड आम्लधर्मी असतो. त्याचं १० मिलिमोलर द्रावण न्यूट्रल न करता बनवलं आणि १०-२० मिलिमोलरच्या पातळ बफरमध्ये वरच्या मात्रा घातल्या की प्लेटच्या त्या वेल्समध्ये पीएच घसरतो. फ्लुओरेसीनचा पीकेए ६.४च्या आसपास, म्हणजे पीएच ७च्या खाली त्याचा उजेडच मंदावतो. वक्राचं शेवटचं टोक खाली वाकतं आणि ते "स्पर्धा" म्हणून वाचलं जातं. पोलरायझेशनसोबत एकूण तीव्रताही छापा. ती सगळ्या वेल्समध्ये सपाट नसेल तर ती प्लेट बाद.

डीटीटी ठेवाच. २००६ मध्ये सापडलेला स्टॅटिक हा स्टॅट३चा प्रसिद्ध रेणू डीटीटी घातल्यावर निष्प्रभ होतो, कारण तो थायोलशी अभिक्रिया करतो, फॉस्फेटच्या कप्प्याशी त्याची सोयरीक नाही. तुमचा फॉस्फोनेट डीटीटी असताना आणि नसताना सारखाच दिसला पाहिजे.

आता पेशी. दोन तास प्रोड्रग, मग स्टॅट३ चालू करणारा आयएल-६ २५ नॅनोग्रॅम प्रति मिली, १५ ते २० मिनिटं. ब्लॉटवर पीवाय७०५ स्टॅट३, एकूण स्टॅट३, शेजारी जॅकचं (स्टॅटवर फॉस्फेट लावणाऱ्या किनेजचं) फॉस्फोरिलेशन. एसएच२ अडला तर स्टॅट३ रिसेप्टरवर बसणार नाही, म्हणून ७०५ उतरेल, पण जॅक शाबूत राहील. जॅक अडवणारं रुक्सोलिटिनिब तुलनेला ठेवा. दुसऱ्या प्लेटवर इंटरफेरॉन गॅमा देऊन स्टॅट१चं ७०१ बघा. जॅक अडवणारा रेणू दोन्ही पाडेल, चांगला स्टॅट३ रेणू फक्त एकच. आणि एका मेम्ब्रेनवर फोरजी१० ही सरसकट फॉस्फोटायरोसिनची अँटीबॉडी. रेणू दिल्यावर सगळी लेन काळवंडली तर खिसेकापूंचं म्हणणं खरं, फॉस्फटेज अडकलेत.

लायसिस बफरमधलं, फॉस्फटेज अडवणारं व्हॅनेडेट नीट केलेलं असू द्या. १.८४ ग्रॅम सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट, ५० मिली पाणी, म्हणजे २०० मिलिमोलर. पीएच १०ला आणलं की द्रावण पिवळं पडतं, ते डेकाव्हॅनेडेट, फॉस्फटेजवर त्याची सांगितलेली पकड नाही. उकळी आणली की रंग जातो. गार करा, पीएच पुन्हा १०. परत पिवळं झालं तर परत उकळा. गार झाल्यावरही पाण्यासारखं स्वच्छ राहिलं की मगच छोटे भाग करून उणे २०ला ठेवा. त्याच बफरमध्ये भरपूर ईडीटीए घालून वर व्हॅनेडेट घालणारे पाहिलेत, ईडीटीए ते धरून ठेवतं, दोन्ही फुकट.

शेवटचं: पेशी मरायलाच हव्यात हा हट्ट धरू नका. मॅकमरे गटाच्या प्रोड्रग्जनी १ मायक्रोमोलरच्या आसपास ७०५चं फॉस्फोरिलेशन उतरवलं, पण वाढ थांबवायला त्याहून बरीच जास्त मात्रा लागली. ब्लॉट आणि एमटीटी (पेशी जगल्या-वाढल्या का ते मोजणारी चाचणी) जुळत नाहीत म्हणून रेणू फेकू नका. उलट दोन्ही एकाच मात्रेला अचूक जुळले तर विषबाधेचा संशय घ्या.

रेझिनकर

मोकळ्या आम्लाचं रूप घ्यायचं ठरवलं, लोडिंग ०.२५. एक शंका राहिली. कच्च्या पेप्टाइडचं एचपीएलसीवर शिखर लांबलचक शेपटीचं येतं आणि सांगितलेलं वजन हातात येत नाही. मास बरोबर आहे. बाकीच्या पेप्टाइडना त्याच कॉलमवर असं होत नाही.

कपलिंग काका

कॉलम बिचारा निर्दोष आहे, लोखंड दोषी आहे. स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आणि फ्रिट्समधल्या लोखंडाला फॉस्फोनेट चिकटतो, फॉस्फोपेप्टाइडही चिकटतात. आधी कॉलम काढून ठेवा आणि पंपापासून डिटेक्टरपर्यंतची वाट फॉस्फोरिक आम्लाच्या पातळ द्रावणाने धुऊन घ्या, मग पाण्याने. नमुन्यात थोडं ईडीटीए घालून एकदा विश्लेषणाचं इंजेक्शन करून बघा, शेपटी आखडली तर निदान पक्कं. शक्य असेल तिथे पीक या प्लास्टिकच्या नळ्या बसवा. चालवताना ०.१ टक्का टीएफए राहू द्या, अमोनियम अॅसिटेटमध्ये दोन्ही भार उघडे पडतात आणि शेपटी अजून वाढते.

वजनाचं म्हणाल तर लायोफिलाइझ केलेल्या भुकटीत टीएफए आणि पाणी दोन्ही असतं, तराजूवर भरवसा ठेवून १० मिलिमोलर म्हणू नका. तुमच्या क्रमात फॉस्फोटायरोसिनची नक्कल सोडली तर २८०ला शोषणारं काही नाही आणि सीएफ२वाल्या वलयाचं शोषण टायरोसिनसारखं नसतं, त्यामुळे टायरोसिनचा गुणांक लावलात तरी चुकेल. फ्लोरीन एनएमआरमध्ये माहीत असलेल्या मात्रेचा फ्लोरीनयुक्त मानक घालून मोजा. टीएफएचं शिखर उणे ७६ला दिसेल, म्हणजे मीठ किती हेही त्याच स्पेक्ट्रममध्ये कळेल. मानक टीएफएचा घेऊ नका म्हणजे झालं.

ध्रुवीकरण

+१. आणि ते मोजून झाल्यावर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ला आणूनच साठा करा, माझी प्लेटवाली तक्रार तिथेच मिटते.